हे ‘म्हणून’ तपासून पाहा

दिवाळीच्या सुट्टीत रांजणगावला घरी गेले होते. पेटची तयारी करणारी दोन मुलं भेटायला आली. गप्पांत एकजण म्हणाला, "२०१७ मध्ये आपण पाकिस्तानी रुग्णांचे व्हिसा अडवले, म्हणून त्यांना कुलभूषण जाधवांची भेट द्यावी लागली."

यातलं ‘म्हणून’ प्रबंधात लिहिलंत तर गाईड लाल पेनने गोल करणार.

आधी मूळ मजकूर वाचा. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने जाधवांना फाशी सुनावली होती. १० जुलैला सुषमा स्वराज यांनी एकामागोमाग एक ट्वीट केली. सुरुवातीला पाकिस्तानी रुग्णांबद्दल सहानुभूती. मग अट: सरताज अझीज यांचं शिफारसपत्र आणा. लगेच पुढे जाधवांच्या आईचा रखडलेला व्हिसा अर्ज; मी स्वतः अझीजना पत्र लिहिलं, त्यांनी साधी पोचही दिली नाही. शेवटी परत, पत्र आणा, व्हिसा तत्काळ देऊ.

‘हे द्या, ते घ्या’ असं कुठेच लिहिलेलं नाही. दोन अर्ज शेजारी ठेवले, त्यातच सौदा आला. मजकूर म्हणून हे फार पक्कं आहे. पण मला खटकतं ते हे, की आईचा अर्ज अडवला सरकारने आणि दारात थांबला कर्करोगाचा रुग्ण.

आता तारखा. १८ मेला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फाशी तूर्त थांबवली. १९ ऑक्टोबरला, दिवाळीत, सर्व पात्र प्रलंबित रुग्णांना व्हिसा देऊ असं स्वराज यांनीच जाहीर केलं. १० नोव्हेंबरला पाकिस्तानने पत्नीच्या भेटीचा प्रस्ताव दिला. भारताने आईलाही भेटू द्या म्हटलं. २५ डिसेंबरला भेट झाली. म्हणजे प्रस्ताव आला तो अट सैल झाल्यावर तीन आठवड्यांनी! दबावामुळे आला, दबाव सुटल्यामुळे, की कोर्टामुळे? आम्हा लॅबवाल्यांच्या भाषेत, इथे कंट्रोलच नाही.

आणि मिळालं काय? काचेआडची भेट. भारताच्या निवेदनानुसार आईला मातृभाषेत, म्हणजे मराठीत, बोलू दिलं नाही.

सुटका तर नाहीच. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला हे १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालात सुटकेची भारताची मागणी फेटाळली गेली. निकाल कोर्टाच्या साइटवर मोफत आहे. उघडलात तर शेवटचा परिच्छेद आधी वाचा.