सागराचे अनुकरण की सागराचा प्रत्यय?

फ्रेंच संगीतकार क्लोद दब्यूसी यांची ‘ला मेर’, म्हणजे ‘सागर’, ही वाद्यवृंदरचना पॅरिसमध्ये १५ ऑक्टोबर १९०५ रोजी प्रथम सादर झाली. तीत आपल्याला सागर ना ऐकू आला, ना दिसला, अशी तक्रार समीक्षक पिएर लालो यांनी त्या वेळी केली. कलेने आपला विषय हुबेहूब दाखविला पाहिजे, हे या तक्रारीमागील गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

दब्यूसींनी ही रचना १९०३ मध्ये सागरापासून दूर, बर्गंडी प्रांतात आरंभिली. प्रत्यक्षापेक्षा स्मृती अधिक मोलाच्या, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच या ‘तीन रेखाटनां’त ना गलबत आहे, ना नाविकाची कथा. येथे स्वराकृती उमलते, पूर्ण होण्याआधीच पालटते आणि दुसरीत मिसळते. लाटेचा धर्म रचनेच्या घडणीतच उतरला आहे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर सागर येथे वाच्य नाही, व्यंग्य आहे.

या दृष्टीने शार्ल म्युन्श यांच्या संचालनाखाली बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे डिसेंबर १९५६ मधील ध्वनिमुद्रण विचारात घेण्यासारखे आहे. पहिल्या भागाच्या मध्यावर दब्यूसींनी चार गटांत विभागलेल्या सोळा चेलोंची योजना केली आहे. तेथे म्युन्श स्वरांना वजन देतात, पण प्रवाह अडू देत नाहीत. स्टिरिओ पद्धतीमुळे वाद्यसमूहांची स्थाने वेगळी जाणवतात आणि आंदोलनाला अवकाश लाभतो. ‘वारा आणि सागर यांचा संवाद’ या अखेरच्या भागातील आवेग तर विलक्षण आहे.

तथापि या आवेगाची किंमतही मोजावी लागते. ‘लाटांची क्रीडा’ या मधल्या भागात क्षणभर चमकून विरणारे जे सूक्ष्म स्वररंग आहेत, ते गतीच्या ओढीत काहीसे निसटतात. श्रोता वादळाने भारावतो खरा. परंतु दब्यूसींचा सागर केवळ वादळाचा नव्हे. गर्जनेलाच सागर मानणारा श्रोता नकळत लालो यांच्याच पक्षाला जाऊन मिळतो.

असे असूनही हे ध्वनिमुद्रण श्रेष्ठ ठरते, ते त्यातील जिवंत गतिमानतेमुळे. अनुकरण मूळ वस्तूची आठवण देऊन थांबते. प्रत्यय मात्र ती वस्तू आपल्या अंतःकरणात नव्याने घडवितो. जिने सागर कधी पाहिला नाही, अशा व्यक्तीलाही या रचनेतून काही गवसू शकते, ते याचमुळे.