अंगठा आणि प्रश्न : नगर जिल्ह्यातील शिक्षकांचे व्हॉट्सॲप-लेखन

"तिसरीतली तीन मुलं ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितात. चार दिवस काड्यांचे गठ्ठे घेऊन शिकवलं, तरी तेच. कुणाला असा अनुभव आहे का?"

अकोले तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेतील बाईंनी रात्री पावणेदहाला शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हा संदेश टाकला. तासाभरात दहा उत्तरे आली. बहुतेक सल्लेच होते : नोटा वापरा, मणी वापरा, ही व्हिडिओची लिंक पाहा. पारनेरकडच्या एका गुरुजींनी मात्र उलट विचारले, "३५ कसं आलं, हे मुलांना विचारलंत का?" दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले. एक मुलगी म्हणाली, "लहानातून मोठं जात नाही, असं तुम्हीच सांगितलंय. म्हणून मी सातातून दोन घालवले." बाईंनी तिचे उत्तर जसेच्या तसे ग्रुपवर लिहिले आणि खाली एकच ओळ जोडली : "चूक माझ्या वाक्यात होती."

माझ्या संग्रहातला हा सर्वांत मोलाचा संवाद आहे. मी शिक्षक नाही आणि माझ्याकडे शिक्षणशास्त्राची पदवीही नाही. २०१६ पासून जिल्ह्यातल्या ओळखीच्या शिक्षकांचे संदेश त्यांच्या परवानगीने, नाव-गाव गाळून, मी वहीत उतरवून घेतो. अशा चार वह्या भरल्या आहेत. समाजमाध्यमांमुळे शिक्षक किती 'जोडले' गेले, यावर पुष्कळ लिहिले जाते. हे शिक्षक एकमेकांना काय लिहितात, ते लेखन म्हणून कसे आहे, हे मात्र कोणी वाचून पाहत नाही.

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, एका टोकाला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची अकोल्याची गावे, दुसऱ्या टोकाला जामखेड-कर्जतचे माळ. वस्तीवरच्या शाळेत शिक्षकाला धंद्यातली गोष्ट बोलायला जास्तीत जास्त एक सहकारी असतो, आणि त्याच्याशी पटले नाही तर तोही नसतो. मग उरते केंद्राची शिक्षण परिषद. तिथला बराच वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो. या एकटेपणातूनच इथे फोनवरचे शिक्षकगट लवकर रुजले असावेत. अकोल्याच्या भाऊसाहेब चासकर यांच्या पुढाकाराचा 'ॲक्टिव्ह टीचर्स फोरम' आणि कर्जत तालुक्यातल्या विक्रम अडसूळ यांचा 'ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र' ही राज्यभर पसरलेली दोन जाळी याच जिल्ह्यातली. सरकारी आदेशाशिवाय शिक्षक आपण होऊन जमतात, एवढे या दोघांनी सिद्ध केले. हे श्रेय आधी देऊन पुढची टीका करतो.

२०१६च्या सुरुवातीपर्यंत एका व्हॉट्सॲप ग्रुपात शंभरच माणसे मावत. ही अडचण एक प्रकारे संपादकाचे काम करी. जागा मोजक्या, म्हणून नुसते सुविचार पाठवणाऱ्याला काढून बोलणाऱ्याला घ्यायचे. मर्यादा पुढे २५६ झाली आणि २०२२च्या अखेरीस १०२४. माझ्या वह्यांत या काळात प्रश्न कमी होत गेलेले दिसतात आणि 'उपक्रम' वाढत गेलेले. शंभरांसमोर जी चूक कबूल करता येते ती हजारांसमोर करवत नाही. त्या हजारांत आपले केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारीही असतील तर नाहीच.

उपक्रमाच्या संदेशाचा साचा आता इतका पक्का आहे की त्याला साहित्यप्रकारच म्हणावे. वर शाळेचे पूर्ण नाव, केंद्र, तालुका, जिल्हा. मग उपक्रमाचे नाव, शक्यतो यमक जुळणारे. चार फोटो, एकात मुले, एकात साहित्य, एकात पाहुणे, एकात फलक. शेवटी 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला'. या प्रकारात न जमलेले मूल येत नाही. वेळ किती लागला, दुसऱ्या इयत्तेची मुले तेवढा वेळ काय करत होती, हेही येत नाही. खाली अंगठे आणि फुले यांची रांग. सगळे खोटे आहे असे मी म्हणत नाही. यातल्या कित्येक शाळा मी पाहिल्या आहेत आणि तिथले काम फोटोपेक्षा चांगले आहे. फोटोतून ते दुसऱ्याला शिकता येत नाही, एवढीच तक्रार आहे.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण घ्या. तिथे प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम झाले, आणि २०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आल्यावर राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. जे गेले त्यांनी बाई मुलांशी कशा बोलतात ते पाहिले. ज्यांच्याकडे फोटो पोहोचले त्यांनी फरशी पाहिली. आपल्या जिल्ह्यातही मग वर्गांच्या फरश्या रंगल्या. मी पाहिलेल्या एका शाळेत त्या रंगीत आकड्यांवर बाके मांडली होती. बोलण्याचा फोटो निघत नाही, यात त्या गुरुजींचा तरी काय दोष?

याहून मला खुपतात त्या 'वर्णनात्मक नोंदी'. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१०मध्ये आले तेव्हा कल्पना अशी होती की शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी त्याला जे दिसले ते दोन वाक्यांत लिहावे. सत्र संपत आले की ग्रुपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागतात : विषयवार, इयत्तावार. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' 'कविता तालासुरात म्हणतो.' एकच वाक्य जामखेडच्या ऊसतोड मजुराच्या मुलाला आणि संगमनेरच्या डॉक्टरांच्या मुलीला. नोंदींचा मूळ हेतू बुडाला तो सहकार्याच्या भावनेतून, हे त्यातले विशेष. पीडीएफ पाठवणाऱ्याला खाली मनापासून धन्यवाद असतात. त्याने सहकाऱ्यांचे खरोखरच दोन दिवस वाचवलेले असतात, आणि ते दोन दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जाणार असतात.

कारण टपालही त्याच फोनवर येते. 'अतितातडीचे', 'आज दुपारी दोनपर्यंत', 'निरंक असल्यास निरंक कळवावे'. कोविडच्या काळात 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या अभ्यासमालेच्या लिंका याच वाटेने घरोघर गेल्या. तेव्हा ती सोय होती. नंतर ते कार्यालयच झाले. सप्टेंबर २०२४मध्ये शिक्षकांनी संचमान्यतेच्या आणि कंत्राटी नेमणुकांच्या निर्णयांविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पडणे हाच त्याचा एक भाग होता. ग्रुप सोडणे हे निषेधाचे हत्यार होऊ शकते, यावरूनच तो ग्रुप काय झाला होता ते कळते.

२८ जुलै २०२५ रोजी राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी निर्णय काढला. तो जिल्हा परिषदांनाही लागू आहे. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, तसेच स्वयंप्रशंसा होणार नाही याची काळजी घ्यावी, असे त्यात आहे. दुसरी अट मनापासून पाळली तर उपक्रमांचे निम्मे संदेश उद्याच थांबतील. तसे होणार नाही. पहिली अट मात्र पाळली जाईल, आणि गरजेपेक्षा जास्त पाळली जाईल. 'पाठ्यपुस्तकातली ही वजाबाकीची मांडणी माझ्या मुलांना समजत नाही' हे वाक्य वर्गातला अनुभव की धोरणावरची टीका? रात्री पावणेदहाला फोन हातात घेतलेल्या बाईंनी ते कसे ठरवायचे? शंका आली की माणूस लिहीत नाही.

शिक्षकांनी आपसात लिहिण्याची सोय महाराष्ट्रात नवी नाही. आजच्या 'जीवन शिक्षण' मासिकाचे पूर्वरूप असलेले 'शालापत्रक' १८६१ साली निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे कालिदास, भवभूती, बाण यांच्यावरचे निबंध आधी त्यात आले. तेही सरकारी खात्याचेच पत्र होते, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ते छापलेले आहे. दीडशे वर्षांनी कोणीही ग्रंथालयात जाऊन त्याच्याशी भांडू शकतो. आमच्या गुरुजनांचे गेल्या दहा वर्षांतले लेखन फोनची मेमरी भरली की पुसले जाते. ५२ वजा २७चा संवाद आज त्या बाईंच्या फोनमध्येही नाही. फोन बदलला तेव्हा गेला. प्रत उरली ती माझ्या वहीत, निळ्या शाईत.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना भेटलो. मोठ्या ग्रुपवर त्यांनी दोन वर्षांत काही विचारलेले नाही. आता चौघांचा एक वेगळा ग्रुप आहे. पारनेरचे ते गुरुजी त्यात आहेत. प्रश्न तिथे विचारले जातात, भांडणेही होतात. मला बरे वाटले आणि लगेच वाईटही. त्यांच्या शेजारच्या शाळेत 'पवित्र' पोर्टलमार्फत निवड झालेला एक मुलगा शिक्षणसेवक म्हणून नव्याने रुजू झाला आहे. तो मोठ्या ग्रुपवर आहे. त्याला मी विचारले, "तिथे काय मिळतं?" तो म्हणाला, "लिंका मिळतात, सर."

त्यालाही चौघांत घ्या, असे मी बाईंना सुचवले. त्या म्हणाल्या, "घेऊ की. आधी तो काही विचारू दे."