आकाशाची साक्ष

गच्चीवर कॅमेरा रोवून रात्रभराचे आकाश काही क्षणांत दाखविणारी चलचित्रे, ज्यांस ‘टाइम-लॅप्स’ म्हणतात, ती आता घरोघरी होऊ लागली आहेत. त्यांचे गणित सोपे आहे. दर 30 सेकंदांस एक छायाचित्र घेतले, तर चार तासांत 480 जमतात. सेकंदास 24 या वेगाने ती दाखविली की 20 सेकंदांचे चलचित्र होते. तेवढ्यात तारे ध्रुवाभोवती 60 अंश फिरलेले दिसतात. संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्यांना आकाशाची गती ठाऊक असतेच. ती डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभी करणे, हे या कलेचे श्रेय आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो.

परंतु सुरतेजवळ तापीच्या मुखाशी असलेल्या हजीऱ्यात या कलेची खरी कसोटी लागते. तेथे पोलादाचे व वायूचे कारखाने रात्रभर उजळलेले असतात. ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर. त्या उजेडात आकाशगंगेचे नावच नको. अशा वेळी काही हौशी मंडळी संगणकावर तो उजेड पुसतात, क्वचित परक्या गावची आकाशगंगाही जोडतात. रंग थोडे निवळणे आम्हांस मान्य आहे. पण जोडलेले आकाश म्हणजे बनावट दस्तऐवज होय.

पेंच व्याघ्रप्रकल्पास 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अर्थात अंधारही राखता येतो. हजीऱ्याचे धूसर आकाश मात्र धूसरच दाखवावे. ते पुसले, तर तेथे काय हरवले याचा पुरावाच उरणार नाही.