‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ : अल्पखर्ची वेस्टर्न चित्रपटाचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना :
हॉलिवूडच्या इतिहासलेखनात १९३० च्या दशकातील अल्पखर्ची वेस्टर्न चित्रपटांकडे बहुधा जॉन वेन या अभिनेत्याच्या उमेदवारीचा काळ म्हणून पाहिले जाते. राऊल वॉल्श दिग्दर्शित ‘द बिग ट्रेल’ (१९३०) आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरल्यावर वेन दुय्यम चित्रपटांकडे वळला. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने (१९३९) त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. मधली वर्षे जणू रिकामीच होती, असे गृहीत धरले जाते. मोनोग्रॅमसाठी निर्माता पॉल माल्व्हर्न याच्या लोन स्टार या संस्थेने काढलेल्या मालिकेतील पहिला चित्रपट ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ (१९३३) हे गृहीतक तपासण्यास भाग पाडतो.

आशयाचे स्वरूप :
रॉबर्ट ब्रॅडबरी दिग्दर्शित हा चित्रपट तासाभराचाही नाही. त्यातील संघर्ष सोन्यासाठी किंवा सूडासाठी नसून पाण्यासाठी आहे. खोऱ्यातील पाण्यावर ताबा मिळवलेला किनकेड जाचक करार पुढे करून शेतकऱ्यांची कोंडी करतो. महामंदीने अमेरिकन शेतकरी कर्जाखाली दबला असताना हा खलनायक प्रेक्षकांस परका वाटला नसावा. नायक सँडी हा वॉशिंग्टनहून आलेला छुपा सरकारी प्रतिनिधी आहे. रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली त्याच वर्षी सरकार तारणहाराच्या रूपात पडद्यावर यावे, ही बाब अर्थपूर्ण आहे.

मात्र येथेच चित्रपटाची मर्यादाही दिसते. सँडीच्या डावपेचाला फसून किनकेडच सुरुंग लावतो आणि अडलेले पाणी मोकळे होते. शेतकरी बहुतांशी प्रेक्षकच राहतात. अन्यायाचे कारण आर्थिक असले, तरी त्यावरील उपाय एका चतुर व्यक्तीचा आहे.

ध्वनी आणि शैली :
पार्श्वसंगीत जवळजवळ नसल्यामुळे टापांचे आवाज, गोळीबार आणि त्यांमधील शांतता ठळक होते. ही निवड प्रामुख्याने काटकसरीची असली, तरी तिचा परिणाम कलात्मक आहे. मालिकेतील काही चित्रपटांच्या नंतरच्या व्हिडिओ आवृत्त्यांत नवे संगीत घालण्यात आले. त्यांवरून मूळ कृतीचे मूल्यमापन करणे अन्यायकारक ठरते.

द्वंद्वास सामोरा जाताना सँडी मृत्यूविषयी गातो. तो स्वर वेनचा नाही. पार्श्वगायनास सरावलेल्या भारतीय प्रेक्षकास यात वावगे वाटणार नाही. परंतु येथे ओठ आणि स्वर यांतील अंतर जाणवते. तरीही त्या गाण्यातील थंड धमकी विसरता येत नाही. जीन ऑट्रीच्या ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’पासून (१९३५) लोकप्रिय झालेल्या गाणाऱ्या काऊबॉयच्या प्रसन्न प्रतिमेहून ती अगदी वेगळी आहे. साहसदृश्यांत याकिमा कनटची घोडेस्वारी आणि आर्ची स्टाउटचे छायाचित्रण संवादांतील कृत्रिमता पुष्कळ अंशी झाकतात.

समारोप :
या चित्रपटातील संवाद सपाट आहेत, व्यक्तिरेखा ठोकळेबाज आहेत. हे दोष नाकारण्याचे कारण नाही. तथापि, अल्प खर्च म्हणजे अल्प आशय, हे समीकरण येथे टिकत नाही. अशा कृतींकडे केवळ एका नटाच्या यशाची पायरी म्हणून पाहिल्यास, सामान्य प्रेक्षकांच्या चिंता लोकप्रिय कलेत कशा उमटल्या, याचा एक महत्त्वाचा पुरावा समीक्षा गमावून बसते.