रंग उडाला, म्हणून रोग टळला?

टाकाऊ मालातून आरोग्य मिळते, हे वाचायला कोणालाही आवडते. अन्नप्रक्रियेत उरणाऱ्या साली, टरफले आणि चोथा यांपासून अँटिऑक्सिडंट गोळ्या करण्याच्या कल्पनेचे म्हणूनच कौतुक होते. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना तर डाळमिलमधले तुरीचे टरफल चटकन सुचेल.

यातला अर्धा भाग खरा आहे. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणाला आळा घालणारी द्रव्ये. तुरीच्या टरफलात अशी पॉलिफेनॉल द्रव्ये असतात. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना वेगळ्या होणाऱ्या अंशातून नैसर्गिक ई जीवनसत्त्व काढण्याचा तर मोठा उद्योगच आहे. आमची हरकत आहे ती यापुढच्या उडीला.

अर्काची परीक्षा बहुधा रंगावर होते. डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण अर्कामुळे पिवळे पडले, की अर्क ‘प्रभावी’ ठरतो. अशीच क्रिया वर्गात दाखवता येते. आयोडिनच्या सौम्य द्रावणात लिंबाचा रस थेंब थेंब टाकावा. तपकिरी रंग नाहीसा होतो. पण लिंबाने स्कर्व्ही बरा होतो, हे या रंगावरून कळले नाही. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबे खाऊ घालून ते पाहिले.

माणसांवर पाहिले की निकाल उलटाही लागतो. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०११ मध्ये दिसले. गाजरातले बीटा कॅरोटीन आणि गोळीतली त्याची मोठी मात्रा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा प्रश्न यवतमाळने तरी विसरू नये. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अर्क काढणारा द्रावक केवळ हवी तीच द्रव्ये उचलत नाही. टरफलावर कीटकनाशकाचा अंश असेल, तर तोही अर्कात एकवटू शकतो. अशा तपासणीवाचून गोळी करणे धोक्याचे.

आणि टरफल, चुणी हा कचरा तरी आहे का? ती गुरांच्या खाद्यात जाते. ती गोळीकडे वळवली, तर गोठ्यात काय घालायचे, याचाही हिशेब मांडायला हवा.

मग या अर्कांचा उपयोगच नाही का? आहे. तेल खवट होण्याचे मुख्य कारण ऑक्सिडीकरणच. ते लांबवण्यासाठी असे अर्क वापरून पाहता येतात, आणि तिथे दावा पडताळणेही सोपे जाते. विद्यार्थ्यांनी असा प्रकल्प आणला, तर त्यांना जरूर प्रोत्साहन द्यावे. मात्र तक्त्यावर ‘कर्करोग टाळतो’ असे लिहिले असेल, तर विचारावे : हे कोणावर पाहिले, किती मात्रेने आणि किती काळ?