पडद्यावरचा मुफ्ती

धर्म आणि यंत्र यांची गाठ पडली की लेखक बहुधा दोहोंपैकी एक भूमिका घेतात : यंत्र धर्माला बुडवणार, अथवा यंत्र धर्माला सुधारणार. गॅरी बंट यांच्या ‘हॅशटॅग इस्लाम’ (२०१८) या ग्रंथाचा पहिला गुण असा की, या दोन्ही सोप्या वाटा त्यांनी टाळल्या आहेत. २००० साली ‘व्हर्च्युअली इस्लामिक’ आणि २००९ साली ‘आयमुस्लिम्स’ लिहिणाऱ्या या अभ्यासकाने इंटरनेटच्या बाल्यावस्थेपासून एकाच विषयाचा पिच्छा पुरवला आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न धार्मिक अधिकाराचा आहे. सुन्नी परंपरेत पोपसारखे एकच सर्वोच्च पीठ नाही. विद्या गुरुमुखातून घ्यावी आणि ती शिकवण्याची इजाजत गुरूने द्यावी, ही तिथली रीत. फतवा म्हणजे हुकूम, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः प्रश्नकर्त्याला मुफ्तीने दिलेले ते मत असते. पूर्वी त्यासाठी मुफ्तीकडे जावे लागे किंवा देवबंदसारख्या ठिकाणी पत्र धाडावे लागे. आज तोच प्रश्न घरबसल्या विचारता येतो, आणि एक उत्तर रुचले नाही तर दुसरे शोधता येते. जुन्या विद्यापीठांचे विद्वान आणि कसलीही सनद नसलेला वक्ता एकाच पडद्यावर शेजारी बसतात. अधिकार नाहीसा होत नाही, त्याची फेरवाटणी होते, हे या ग्रंथाचे सार म्हणता येईल.

परंतु ही फेरवाटणी इंटरनेटनेच सुरू केली काय? फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९९३ साली मुद्रणकला आणि इस्लाम यांवर लिहिलेला निबंध येथे आठवतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील उलेमांनी शिळाछापाचा हौसेने अंगीकार केला आणि धर्मविद्या उर्दूत आणली. राज्यसत्ता गेली तरी समाज ज्ञानाच्या आधाराने टिकावा, हा हेतू. पण त्यातूनच मौलवीवाचून ग्रंथ वाचणारा वाचक जन्मला, आणि छापणाऱ्यांच्याच अधिकाराला तडा गेला. तेव्हा नवे काय, हे शोधायचे तर पोथी आणि पडदा यांतला भेद पाहावा लागतो. पोथी कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पडदा देतो, आणि कोणते उत्तर आधी दिसावे हेही यंत्रच ठरवते. शिवाय मुफ्तीने प्रश्नकर्त्याची परिस्थिती आणि तिथला रिवाज पाहून मत द्यावे, असा संकेत आहे. एकासाठी लिहिलेले उत्तर परदेशातील हजारोंनी वाचले की हा संकेतच गळून पडतो.

उलट, उपासनेच्या बाबतीत पडद्याची सत्ता तोकडीच ठरली. २०२० साली साथीमुळे मशिदी बंद झाल्या. तेव्हा घरी बसून, पडद्यावरील इमामामागे जुम्म्याची नमाज होईल काय, हा प्रश्न निघाला. इमाम आणि जमात एका जागी हवीत, म्हणून अनेक धर्मशास्त्रज्ञांनी नकार दिला. हा प्रसंग ग्रंथानंतरचा. तथापि ज्ञान जितक्या सहज पडद्यावर जाते तितक्या सहज खांद्याला खांदा लावून उभे राहणे जात नाही, हे त्याने दाखवले.

स्त्रियांच्या बाबतीत हे दुधारी शस्त्र आहे. मोहल्ल्यात विचारता न येणारे प्रश्न बाई येथे नाव न सांगता विचारू शकते. पण याच साधनाने तलाकही धाडला जाऊ लागला. म्हणूनच आपल्या २०१९ च्या कायद्याला इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील तत्काळ तिहेरी तलाकही स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवावा लागला.

बंट यांच्या पद्धतीची मर्यादा येथे जाणवते. पडद्यावर काय आहे हे ते कसोशीने टिपतात. पडद्यासमोर कोण बसले आहे, हे मात्र पुरेसे दिसत नाही. आमच्या कचेरीतील एक सहकारी नमाजाची वेळ फोनवर पाहतात. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी फोनवर तीन उत्तरे वाचली, आणि शेवटी गल्लीतल्या वृद्ध मौलवींकडे गेले. उत्तरे चांगली होती, पण त्यांपैकी कोणीही आपल्या बहिणीला ओळखत नव्हते, असे ते म्हणाले.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणांस हे परके वाटू नये. आपणही गणपतीची प्रतिष्ठापना पडद्यावरील गुरुजींच्या सांगण्यावरून करतो. मंत्र शुद्ध ऐकू येतात. आपल्या घरचा कुळाचार विचारायला मात्र गावी आईलाच फोन लावावा लागतो. ‘हॅशटॅग इस्लाम’ अवश्य वाचावा. शेजारच्या टेबलावरील माणसाला तेवढ्याने ओळखले, असे मात्र समजू नये.