स्थिरप्राय विश्वाचे प्रतिमान : एक चिकित्सा

फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेले स्थिरप्राय विश्वाचे प्रतिमान हा महास्फोट सिद्धांताला दिला गेलेला सर्वांत सविस्तर पर्याय होय. मराठी विज्ञानलेखनात, विशेषतः डॉ. नारळीकर यांच्या २० मे २०२५ रोजी झालेल्या निधनानंतर, त्याचा उल्लेख बहुधा गौरवाच्या स्वरात होतो. गौरव रास्तच आहे. पण निरीक्षणांच्या कसोटीला उतरण्याचे आव्हान स्वतःहून स्वीकारणाऱ्या प्रतिमानाची चिकित्सा टाळणे हा त्याचा सन्मान नव्हे.

बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांच्या १९४८ मधील स्थिरस्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभ नव्हता. प्रसरणामुळे होणारी विरलता नवनिर्मित द्रव्य भरून काढी. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि हा सिद्धांत मागे पडला. १९९३ च्या प्रतिमानात द्रव्यनिर्मिती सर्वत्र एकसारखी न होता लहान लहान स्फोटांतून होते. विश्व दीर्घकाळात प्रसरण पावते, त्याच वेळी सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरणही पावते. त्याचा आकार कधीही शून्यवत होत नाही. म्हणूनच महास्फोटाच्या आरंभबिंदूची गणिती अडचण येथे उद्भवत नाही.

प्रतिमानाचे खरे बळ एका हिशेबात आहे. विश्वातील सर्व हेलियम ताऱ्यांमध्येच तयार झाला असे मानल्यास त्यातून मुक्त झालेल्या ऊर्जेपासून सुमारे २.७ केल्विन तापमानाचे प्रारण मिळू शकते. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. मात्र ताऱ्यांच्या प्रकाशाचे अशा प्रारणात रूपांतर करण्यासाठी लोखंडाच्या सुमारे मिलिमीटरभर लांबीच्या अतिसूक्ष्म तंतूंची धूळ गृहीत धरावी लागली. 'कोबे' उपग्रहाने १९९० मध्ये या प्रारणाचे जवळजवळ निर्दोष औष्णिक स्वरूप दाखवले होते. धुळीने इतके निर्दोष काम सर्व दिशांना सारखेच करावे, ही अपेक्षा फार मोठी आहे.

पुढे तीच धूळ दूरच्या अतिनवताऱ्यांच्या मंदपणाचे कारण म्हणूनही पुढे करण्यात आली. येथे एक विसंगती नजरेआड होते. १९४८ च्या सिद्धांताला विश्वाचे प्रसरण त्वरणशील असणे अनिवार्य होते आणि १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांनी त्वरणाचाच पुरावा दिला. परंतु सुधारित प्रतिमानात सध्याच्या टप्प्यातील प्रसरण मंदावणारे असल्याने पूर्वजाचे हे यश त्याला आपले म्हणता आले नाही. दुरुस्तीच्या ओघात सर्वांत धाडसी भाकीत हातचे गेले. २००४ मध्ये अधिक दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांनी साध्या करड्या धुळीचे स्पष्टीकरणही अडचणीत आणले.

प्रारणातील सूक्ष्म चढउतारांबाबतही हेच दिसते. 'डब्ल्यूमॅप' (२००३) आणि 'प्लँक' (२०१३) यांनी मोजलेली शिखरे महास्फोटाच्या प्रतिमानात मोजक्या प्राचलांतून एकत्रितपणे निघतात. पर्यायी प्रतिमानाला ती दीर्घिकासमूहांच्या आकारमानाशी जुळवून घ्यावी लागली.

याचा अर्थ प्रस्थापित प्रतिमान निर्वेध आहे असा नाही. हबल स्थिरांकाचे मूल्य प्रारणावरून सुमारे ६७, तर तारे व अतिनवतारे यांवरून सुमारे ७३ येते आणि ही तफावत अद्याप मिटलेली नाही. एकाच विचारसरणीला निधी व दुर्बिणींचा वेळ मिळतो, ही २००४ च्या खुल्या पत्रातील तक्रारही अगदी निराधार म्हणता येणार नाही. त्यावर नारळीकरांची स्वाक्षरी होती. पण तक्रार रास्त असल्याने प्रतिमान सिद्ध होत नाही. प्रचलित आवर्तनातील दीर्घिकांची ताम्रसृती त्यात ५ ते ६ च्या आसपास थांबते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये १४ हून अधिक ताम्रसृतीची दीर्घिका नोंदवली. मर्यादा वाढवता येईल, मात्र मग धुळीचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.